घंटेचं काळीज

१

डोंगरावर आलेला ढग काळा असता तर तेक्लाने हातातलं काम थांबवलंही नसतं. काळ्या ढगाला सोरोकोव्यात कोणी भीत नाही. तो बिचारा भिजवतो आणि जातो. पण हा ढग पिवळा होता, आणि पोटाशी हिरवट. असा ढग गारा घेऊन येतो. त्यावर वाडवडिलांपासून एकच इलाज चालत आलेला : घंटा वाजवायची. घंटेच्या नादाने ढग फुटतो आणि गारांचं पाणी होतं. खरंखोटं देवाला ठाऊक, पण ज्याचं पोट कोबी-बटाट्यावर आहे तो पुरावे मागत बसत नाही.

तेक्लाने हातातलं गवताचं दाताळं टाकलं आणि कान दिला. घंटा वाजवण्याचं काम ओलेक्साचं. बापानंतर दोर त्याच्याच हाती आला होता. गुडघे गेले तरी ढगाच्या आधी त्याची घंटा बोलायची. आज टेकडी गप्प होती.

"गेला कुठे हा म्हातारा!" म्हणत तेक्लाने पदर कमरेला खोचला आणि चढाला लागली. तीही काही तरणी नव्हती. साठी उलटलेली, नवरा वारलेला, मुलगा परदेशी. देवळात गाणं सांगणारा जाणता पुरुष उरला नाही म्हणून तीच गाणं सांगायची, आणि असं गायची की गावातले स्लोव्हाक, ज्यांचा पंथ वेगळा आणि देऊळ दोन डोंगर पलीकडे, तेही रविवारी कुंपणाशी थांबत.

घंटाघर येशूच्या देवळाला लागूनच, लाकडी. तिने दोर धरला, देवाचं नाव घेतलं आणि सगळं अंग टाकून ओढला.

वर तुळई करकरली. घंटा हलली, तिचं ओझं दोरातून तेक्लाच्या तळहाताला कळलं. पण नाद नाही. तिने पुन्हा ओढला. पुन्हा. एखाद्याने ओरडायला तोंड उघडावं आणि आवाजच फुटू नये, तसं झालं.

छपरावर पहिली गार टाणकन आपटली.

गारा थांबल्यावर ती शिडी चढून वर गेली. घंटेच्या तोंडात हात घातला. आत नुसती पोकळी होती. नाद काढणारा लोलकच नव्हता.

२

"बघ माझी कोबी!" फेन्ना दोन्ही हातांत चिंध्या झालेली पानं घेऊन देवळासमोर उभी होती. "देवाने कोशिंबीर करून ठेवली नुसती! चिरायचीसुद्धा गरज नाही!"

"देवाचं नाव कशाला घेतेस त्यात?"

"बरं, वेन्देलचं घेते. झालं समाधान?"

सगळ्यांच्या मनात होतं ते फेन्नाच्या तोंडी आलं. सगळे म्हणजे तरी किती? अकरा माणसांचं गाव. मागच्याच रविवारी वेन्देल, गावातलाच एक स्लोव्हाक, कुंपणावर कोपर टेकून म्हणाला होता, "एक दिवस वर चढतो आणि तुमच्या घंटेचं काळीजच काढून आणतो. दुपारची झोप तरी लागेल!" लोलकाला स्लोव्हाक लोक घंटेचं काळीज म्हणतात. तेव्हा सगळे हसले होते. हाव्रिलो, फेन्नाचा नवरा, सगळ्यात मोठ्याने.

आता कोणी हसत नव्हतं. वेन्देल समोर आला तो ओल्या टोपीनिशी, गारांनी फुटलेली स्वतःची खिडकी मागे टाकून. ताडमाड उंच माणूस. जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेले हात.

"विचारा की. तोंडावर विचारा."

"वर चढतो कोण म्हणालं होतं?" फेन्ना म्हणाली. "पाने-पकडी कोणाकडे आहेत? मोडीत लोखंड कोण घालतं?"

"मोडीत घालायला तो लोलक काय नांगराचा फाळ आहे?" वेन्देलचा आवाज चिरला. "तीस वर्षं तुमच्यात राहिलो. माझी बायको तुमच्यातली, तुमच्याच मातीत पुरली. तिच्यासाठी मी तुमच्या देवळात उभा राहून तुमची गाणी ऐकली. आणि आज मी चोर? ठीक आहे. सोमवारच्या बसने पोरीकडे जातो, कोशित्सेला. घर लावून घेतो. मग वाजवा तुमची घंटा."

तो गेला. हाव्रिलोने खाली बघितलं. फेन्ना मात्र म्हणाली, "जाऊ दे. एक चोर कमी."

तेक्लाने वर वेन्देलच्या धुराड्याकडे पाहिलं. वरच्या आळीत चुली पेटतात त्या दोनच. एक तिची, एक वेन्देलची. सकाळी उठून दोघं आधी एकमेकांच्या धुराड्याकडे बघतात. धूर दिसला की कामाला लागायचं. नाही दिसला तर जाऊन दार वाजवायचं. असं कधी ठरवलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकमेकांना 'अहो'वरून 'अरे'वरही आणलं नव्हतं. पण त्याची चूल विझली तर तिचं दार वाजवायला कोणीच उरणार नव्हतं. ती पडली तर रविवारी गाणं सुरू झालं नाही म्हणून लोकांना कळणार.

ती परत शिडी चढली. मघाशी घाईत पाहिलं नव्हतं ते आता नीट पाहिलं.

लोलक टांगायचा चामडी पट्टा कापलेला नव्हता. बक्कल सोडवून, पट्टा घडी घालून खिळ्याला अडकवलेला होता. आणि खालच्या फळीवर, घंटेच्या बरोबर खाली, पिवळ्या मेणाचा थेंब होता. नखाने खरवडून तिने तो नाकाशी धरला. मधाचा वास आला.

चोर येतो तो देवळातली मेणबत्ती लावून, आणि जाताना पट्ट्याची घडी घालून?

३

शुक्रवारी ती इंजिनियरसाहेबांकडे गेली. लुबोर त्यांचं नाव. शहरातून आलेले, ओढ्याकाठचं जुनं घर विकत घेऊन सुट्टीत राहणारे. घंटेवरून त्यांनीही एकदा तक्रार केली होती.

"केली होती," ते म्हणाले. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभेच राहिले. "पहिल्या वर्षी. मग एकदा ओलेक्सा आजारी पडला, घंटा वाजली नाही, आणि बाई, मला सांगायला लाज वाटते, मला भीती वाटली. वाटलं, जग संपलं आणि मला कोणी सांगितलंच नाही."

तेक्लाला हसू आलं. "तुम्ही या आठवड्यात टेकडीवर गेला होतात का?"

"फोनला रेंज तिथेच येते, जातो ना. बुधवारी दुपारी गेलो होतो. ओलेक्सा पायरीवर बसला होता. मी नमस्कार केला, त्याने मान वर केली नाही. म्हटलं, ऊन लागलं असेल. डोकं उघडं होतं त्याचं."

"उघडं?"

"टोपी मांडीवर होती. एका हातात फोन."

ओलेक्साची टोपी गावाला ठाऊक होती. ती देवळात उतरायची आणि प्रेतासमोर उतरायची. नांगरताना, जेवताना, डॉक्टरपुढेही ती डोक्यावर.

तिथून ती ओलेक्साकडे गेली. तो अंगणात विळ्याला धार लावत होता.

"येशूचा महिमा असो, दादा."

"सदासर्वदा असो. बस."

"ढग आला तेव्हा तू कुठे होतास?"

"खालच्या कुरणात." दगड विळ्यावरून फिरत राहिला. "गवतात. गुडघे टेकून."

"पडलास की काय?"

"पडलो नाही."

"शेवटचा वर कधी गेला होतास?"

"बुधवारी."

"तेव्हा लोलक होता?"

"मी वर चढलो तेव्हा जागेवर होता."

"वेन्देलने नेला असेल असं तुला वाटतं?"

दगड थांबला. "मी कोणा माणसाचं नाव घेणार नाही. वेन्देलचं तर नाहीच. त्याला म्हणावं, जाऊ नकोस."

"तूच का सांगत नाहीस?"

ओलेक्सा उत्तर न देता उठला आणि घरात गेला. आयुष्यात खोटं बोलला नाही अशी ज्याची ख्याती, तो माणूस एवढ्या साध्या प्रश्नाला पाठ करून गेला. तेक्ला रिकाम्या अंगणात बसून राहिली. त्याने दिलेलं एकेक उत्तर तिने मनात पुन्हा म्हणून पाहिलं, गाण्याची ओळ घोकावी तसं. प्रत्येक शब्द खरा होता. आणि तरी कुठेतरी सूर लागत नव्हता.

४

शनिवारी वेन्देल सामान बांधत होता. सामान म्हणजे एक बॅग, हत्यारांची पेटी, आणि बायकोचा फोटो. तो कशात गुंडाळावा हे त्याला कळत नव्हतं.

"टॉवेलमध्ये गुंडाळा," दारातून तेक्ला म्हणाली. "नाहीतर गुंडाळूच नका."

"तेक्लाबाई, मन वळवायला आल्या असाल तर चहा घ्या आणि जा."

"मन तुमचं, वळवणारी मी कोण? विचारायला आले. तुम्ही गेल्यावर सकाळी मी कोणाच्या धुराड्याकडे बघू?"

वेन्देलने फोटो टेबलावर उपडा ठेवला. "मला चोर म्हणवून घेऊन राहता येत नाही हो. नाही जमत. माझा बाप याच एका गोष्टीला जपत मेला."

तिने चहा घेतला.  ती पीत असताना तो म्हणाला, "अजून एक माझ्या नावावर लागेल, आधीच सांगून ठेवतो. काल हाफियाबाईचं कुंपण नीट करून दिलं. तिच्या पोराच्या मधमाश्यांच्या पेट्या कोणीतरी सरकवल्यात. फेन्नाला कळलं की म्हणेल, वेन्देल मध चोरतो."

"अस्वल असेल."

"अस्वल पेट्या उलथवतं. इथे पाचही पेट्या वीतभर, एकाच बाजूला, ओळ न मोडता सरकल्यात. जुन्या जागेचं पिवळं गवत उघडं पडलंय. मधाला हात नाही."

तेक्लाने कपबशी खाली ठेवली.  पेट्या अशा कधी सरकवतात हे वेन्देलला कसं ठाऊक नाही, असं क्षणभर तिला वाटलं. मग आठवलं, त्याने कधी माश्या पाळल्याच नव्हत्या.

ती हाफियाकडे गेली. हाफिया खिडकीशी उशांना टेकून बसलेली. वसंतापासून तिचं हृदय दगा देत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धक्का बसेल असं काही नको. एकुलता एक मुलगा सेमान परमुलखात जंगलतोडीच्या कामाला, आणि माय इथे. त्याच्या माश्या ओलेक्सा सांभाळायचा. तो सेमानचा धर्मबाप. बाप्तिस्म्याला त्यानेच पोराला हातावर धरलं होतं, म्हणून तो हाफियाला आयुष्यभर 'कुमा' म्हणत आला. धर्मबाप पोराच्या आईला असंच म्हणतो.

"सेमान मध काढायला येणार बघ," हाफिया म्हणाली. "यंदा माश्या चिडक्या झाल्यात. धनी नसला की असंच. उद्या त्याच्या नावाचं नीट म्हण हं, तेक्ला. मागच्या रविवारी तू घाईत म्हटलंस. मला इथे खिडकीत ऐकू येतं सगळं."

"ओलेक्सादादा येतो का?"

"रोज. दोन-तीन दिवस मात्र बसत नाही. लाकडं टाकतो आणि जातो. माझ्याकडे बघतसुद्धा नाही मेला. मी काही आगळीक केली का गं?"

तेक्लाने तिची उशी सारखी केली.  एक संशय आला होता, आणि तो खोटा ठरावा म्हणून ती वाटभर प्रार्थना करत घरी गेली.

५

त्या रविवारी पाद्री येणार नव्हते. अशा वेळी तेक्लाच प्रार्थना सांगते, आणि शेवटी सोरोकोव्याची स्वतःची एक रीत पाळली जाते : पोटासाठी दूर गेलेल्या प्रत्येकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी दीर्घायुष्याचं गाणं म्हणायचं. गाव जितकं रिकामं होत गेलं, तितकं हे गाणं लांबत गेलं.

त्या देवळात वाद्य नसतं. माणसाचा गळा हेच वाद्य. तेक्ला वरचा सूर धरायची आणि खालून, जमिनीखालून यावा तसा, ओलेक्साचा खर्ज यायचा. त्या खर्जावर पाय ठेवून ती चाळीस वर्षं चालत आली होती. देवाची स्तुती एकट्याने होते, पण गाणं व्हायला दुसरा लागतो, असं ती म्हणायची.

पहिलं नाव घेतलं, फेन्नाच्या मुलीचं. खर्ज आला. दुसरं घेतलं, तिच्या स्वतःच्या लेकाचं. खर्ज आला, थोडा थरथरत. वेन्देलच्या पोरीचंही नाव तिने मुद्दाम घेतलं. कुंपणापलीकडे तो उभा होता हे तिला माहीत होतं. खर्ज आला.

"सेमानला," तिने उचललं, "देव पुष्कळ, पुष्कळ वर्षं देवो..."

खालून काहीच आलं नाही.

पायाखालची पायरी निघून जावी तसा तिचा सूर क्षणभर अधांतरी राहिला. तिने मान वळवली नाही. टोकाच्या घराच्या खिडकीत हाफिया ऐकत होती, म्हणून ती ओळ तिने एकटीने शेवटपर्यंत नेली, चढवून, भरल्या गळ्याने. पुढचं नाव घेतलं. खर्ज परत आला.

तेव्हा तिला सगळं कळलं. कळलं, आणि गाणं संपेपर्यंत उभं राहावं लागलं.

६

लोक पांगल्यावर ती घंटाघराशी गेली. ओलेक्सा पायरीवर होता. टोपी मांडीवर.

"दादा, सेमान कधी गेला?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. नाकारलं नाही. नाकारता येत नव्हतंच.

"तुला कोणी सांगितलं?"

"तूच." ती त्याच्या शेजारी बसली. "मी लोलक चोरणाऱ्याला शोधत होते, तिथेच चुकत होते. ज्याने पट्ट्याची घडी घालून ठेवली त्याला घंटेची माया होती. त्याने वर मेणबत्ती लावली. वादळात लावतो आपण, नाहीतर जीव जातो तेव्हा. बुधवारी आभाळ स्वच्छ होतं. तू वर चढलास तेव्हा लोलक जागेवर होता, म्हणालास. उतरलास तेव्हाचं मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस."

ओलेक्सा टोपीची कड चाचपत राहिला.

"मग त्या पेट्या. धनी मेला की माश्यांना सांगावं लागतं, पेटी हलवावी लागते, नाहीतर त्या त्याच्यामागे जातात. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. मला वाटलं, देवा, असं नसू दे. पण आज तू मेलेल्या माणसाला पुष्कळ वर्षं मागू शकला नाहीस."

"गळ्यातून निघालंच नाही गं," तो म्हणाला.  मग बोलू लागला तेव्हा थांबेना. "झाड पडलं अंगावर. बुधवारी. कुमाकडे फोन नाही, म्हणून त्याच्या जोडीदाराने मला केला. मी इथे उभा होतो, तेक्ला. इथेच. दोर हाताशी होता. गावातला माणूस जगात कुठेही मरो, बातमी आली की सूर्य मावळायच्या आत घंटा झाली पाहिजे. बापाने दोर देताना शपथ घातलीय मला. वाजवली, तर कुमा खिडकीतून विचारणार, कोण गेलं? मी काय सांगू? तिचं काळीज बंद पडेल. नाही वाजवली, तर शपथ मोडली. मग वाटलं, घंटाच मुकी असली तर मोडणारा मी कोण?"

"देवाला फसवायला निघालास?"

"देव कसला फसतोय. स्वतःला." त्याने डोळे पुसले. "मग दुसऱ्या दिवशी ढग आला. मी कुरणात गुडघे टेकले. म्हटलं, माझ्या डोक्यावर पाड काय पाडायचंय ते. तर पडलं फेन्नाच्या कोबीवर. आणि आळ वेन्देलवर. मी आत्ता जाऊन सांगतो, मीच काढला. म्हातारचळ लागला म्हणतील."

"आणि का काढला, विचारलं तर?"

त्याने दोराकडे पाहिलं.

"लोलक कुठे आहे?"

"माझ्या अंथरुणात." त्याने खिशातून फोन काढला. "अजून एक आहे. तिथले लोक विचारताहेत, तिथेच पुरायचं की घरी पाठवायचं. उद्या सकाळपर्यंत सांग म्हणाले. सांगितलं नाही तर तिथे पुरतील."

तेक्ला उठली. वेन्देलसाठी, स्वतःच्या दारासाठी ती हे कोडं सोडवायला निघाली होती, आणि आता उत्तराची किंमत हाफियाला चुकवावी लागणार होती. गप्प बसलं तर एक माणूस चोर ठरून जातो. बोललं तर कदाचित एक आई जाते. तिने देवळाच्या बंद दाराकडे पाहिलं. कोणीही तिच्यासाठी ठरवणार नव्हतं.

"दादा, तू तिला दुःखापासून वाचवत नाहीयेस. त्या पोराला गेल्यापासून आईचा एक हुंदका मिळालेला नाही. देवापुढे त्याच्या बाजूने आज कोण उभं आहे? मी तर त्याला आयुष्य मागत होते, वेड्यासारखी! आणि त्याने कुठे निजायचं हे तू ठरवणार की ती?"

ओलेक्सा उठला. गुडघ्यांवर हात देऊन, हळू.

"तू बोलशील?"

"मी बोलेन. तू फक्त तिच्यासमोर उभा राहा. आणि वाटेत वेन्देलला बरोबर घेऊ. त्याला सगळ्यांच्या आधी कळलं पाहिजे."

७

हाफियाने तिघांना दारात पाहिलं. तिची नजर ओलेक्साच्या उघड्या डोक्यावर गेली आणि तिथेच राहिली.

तेक्ला जमिनीवर तिच्या पायाशी बसली, तिचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं. फिरवून नाही, गोड करून नाही. झाड, बुधवार, लगेच गेला. औषधाची बाटली वेन्देलने आधीच उघडून धरली होती.

हाफिया ओरडली नाही. तिचा श्वास अडकला, चेहरा राखेसारखा झाला. तेक्ला मनात एकच म्हणत राहिली, आत्ता नको, देवा, आत्ता नको. मग श्वास परतला. त्याच्याबरोबर रडू आलं, आणि ते फार वेळ चाललं.

ते ओसरल्यावर तिने ओलेक्साला जवळ बोलावलं.

"बुधवारपासून?"

"हो, कुमा."

"एवढे दिवस हे एकट्याने वाहिलंस?" तिने त्याच्या दंडावर हात मारला, जोर नसलेला. "मूर्खा. तो काय तुझा एकट्याचा होता?"

ओलेक्सा तिच्या पलंगाच्या कडेला डोकं टेकून रडला, मोठ्याने.

"घरी आणा," हाफिया म्हणाली. "उद्या नको, आत्ता सांग त्यांना. आणि घंटा वाजवा."

ओलेक्साला शिडी चढवेना. वेन्देल चढला. ज्या हातांनी लोलक चोरल्याचं गाव म्हणत होतं त्याच हातांनी त्याने तो टांगला, बक्कल आवळली आणि हाक दिली, "ओढा!" खालून ओलेक्साने दोर ओढला. हाफियाने खिडकीत एकेक ठोका ऐकला, डोळे मिटून.

घंटा ऐकून माणसं धावत आली. "कोण गेलं?" करत फेन्नाही आली. ओलेक्साने हाफियाच्या अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं, काहीही न लपवता : लोलक मी काढला, कोबी माझ्यामुळे गेली, वेन्देल निर्दोष. फेन्नाने तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या बाबतीत हे क्वचितच घडलं असेल.

मग विषय निघाला शवपेटीचा. गाडी पुलापलीकडेच थांबते. तिथून देवळापर्यंत चढ, खांद्यावरच आणावं लागणार. चार खांदे हवेत.

"मी एक," ओलेक्सा म्हणाला. "गुडघे तुटले तरी मी त्याचा धर्मबाप आहे."

"मी येईन," इंजिनियरसाहेब म्हणाले. "ओलेक्सा, आपण दोघं मागे. उंची सारखी आहे. मला फक्त कसं धरायचं ते दाखवा."

"पुढे मी," हाव्रिलो म्हणाला.

चौथ्याचं नाव कोणी घेईना. गावात दुसरा पुरुष नव्हता असं नाही. पण एक काठीवर होता आणि एक अंथरुणावर. सगळे कुठेतरी दुसरीकडे बघत उभे राहिले. तेक्लाही बघत राहिली, आपल्या चपलांकडे. वेन्देलचं नाव तिने सुचवून चालणार नव्हतं.

शेवटी फेन्ना खाकरली. "आमच्या ह्यांचा डावा खांदा अधू आहे," ती झाडाला सांगितल्यासारखं म्हणाली. "ह्यांना उजव्यावर घ्यावं लागेल. तेव्हा वेन्देल, तू डाव्यावर घे."

"मी चोर आहे ना?"

"चोर होतास तेव्हाही उंचच होतास." तिचा आवाज फाटला. "आता काय पाया पडू?"

"पाया नको. कोबीचं सूप घाल."

"कोबी राहिलीय कुठे मेल्या!" फेन्ना म्हणाली, आणि पदराने तोंड झाकून रडू लागली. कोबीसाठी नव्हे, हे सगळ्यांना कळत होतं.

 वेन्देल हाव्रिलोच्या शेजारी जाऊन उभा राहिला. दोघांनी खांद्याला खांदा लावून पाहिला, फळी जमते का बघावं तसा. वेन्देल चार बोटं वर होता.

खिडकीतून हाफिया बघत होती.

"वेन्देल," तिने हाक मारली, "जरा वाक बाबा. माझ्या लेकराला तिरकं नेऊ नका."

आणि वेन्देल वाकला.